अंगठाबहाद्दरांसाठी स्कूबा

स्कूबा डायव्हिंगवर सल्ला द्यायला जी पात्रता लागते ती माझ्याकडे आहे. मी ते एकदा केलंय. खोली नऊ मीटर, वेळ एकतीस मिनिटं. त्या एकतिसातली पाण्याखाली किती आणि पाण्यावर किती, हा क्षुद्र हिशेब माझी तेरा वर्षांची पुतणी ठेवते. ती सोबत होती आणि या लेखातही अधूनमधून डोकावेल. तिच्याकडे लक्ष देऊ नका. ती सूचना ऐकणाऱ्यांतली आहे.

तुम्हीही कधीतरी सुट्टीला एखाद्या उबदार समुद्राकाठी जाल. पाणी निळंशार असेल, माड वाकून त्यात तोंड बघत असतील, आणि एक फलक दिसेल: ‘पोहता येत नसलं तरी चालेल’. तो खास तुमच्यासाठी लावलाय असं समजा. सायकल शिकायला आपल्याला महिना लागला होता, हे त्या क्षणी आठवायचं नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. आपण तो खळखळाट दहा मीटर खाली नेऊन दाखवू.

दिवस मात्र सुट्टीचा शेवटचाच निवडा. का, ते पुढे येईल.

आधी एक फॉर्म देतात. दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, छातीत कधी दुखलंय का, रक्तदाब, फिट, चालू औषधं. एका ठिकाणी ‘हो’ लिहिलंत की डॉक्टरांचं पत्र मागतात, म्हणून सगळीकडे ‘नाही’ लिहीत खाली यायचं आणि सही ठोकायची. माझं नाक दोन दिवस चोंदलेलं होतं, पण सर्दीला कोणी आजार म्हणतं का? मी नाक मोकळं करणारी गोळी घेतली आणि ‘नाही’ लिहिलं. अशा गोळीचा अंमल पाण्याखालीच ओसरला तर खाली जाताना आत शिरलेली हवा वर येताना बाहेर पडायला वाट मागते, आणि सुजलेलं नाक ती देत नाही. मग कपाळात जे होतं त्याचं वर्णन इथे करत नाही, लहान मुलंही वाचत असतील. त्या फॉर्मला मागची बाजू होती हे मला पुतणीकडून कळलं.

मग एक पोरगेलासा इन्स्ट्रक्टर तुम्हाला सावलीत बसवून वीसेक मिनिटं बोलतो. हीच वेळ फोटोंची. उन्हाची तिरीप चांगली असते, मागे होडी असते. मी त्या वीस मिनिटांत एकोणीस फोटो काढले. त्यामुळे यापुढची सगळी माहिती मला नंतर मिळाली, थोडी पुतणीकडून आणि बरीचशी समुद्राकडून.

पहिला नियम म्हणे, दम धरायचा नाही. ऐकलंत? जन्मभर ज्याने त्याने आपल्याला दम धरायलाच सांगितलं, आणि हा विशीतला पोरगा सांगतो, श्वास अडवायचा नाही, आत-बाहेर चालूच ठेवायचा. याला कारणीभूत रॉबर्ट बॉइल नावाचा शास्त्रज्ञ. १६६२ साली त्याने मांडलं की दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा, म्हणजे पृष्ठभागावर असतो तेवढा, दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर छातीत भरून घेतलेले चार लिटर, तोंड मिटून वर आलात तर पृष्ठभागाशी आठ लिटर व्हायला बघतात. फुप्फुसांना हे मान्य नसतं. पूर्ण भरलेल्या छातीने दम धरला तर जेमतेम सव्वा मीटर वर येणंही त्यांना फाडायला पुरतं. पण आपण मानी माणसं. घाबरलो की आधी श्वास रोखणार आणि मग वर धाव घेणार. कुणी वाटेत पकडून छातीवर टिचक्या मारत ‘सोडा, सोडा’ अशा खुणा करत असेल तर तो आगाऊपणा समजा.

पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन असतो असं चारचौघांत छातीठोकपणे सांगा. तिथे साधी हवा असते, आपण आत्ता घेतोय तीच, गाळून, वाळवून, दोनशेपट दाबून भरलेली. पण हवा म्हटलं की किंमत जाते. ती मागू तेव्हा आणि मागू तेवढी देणारा रेग्युलेटर १९४३ साली कूस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंचांनी जमवला. त्यातला गान्यां इंजिनिअर. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवायची एक झडप त्याच्या हाताशी होती, तीच पाण्याखाली कामाला आली. मला ही गोष्ट फार आवडते. पहिल्या दहा मिनिटांत मी जुनाट मोटारीसारखाच धापा टाकत होतो.

आता मिशी. हा विषय कुठल्याच माहितीपत्रकात सापडला नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. मास्क कातडीला चिकटतो, केसांना नाही. तुमची मिशी भरघोस असेल तर तिच्यातून समुद्र सावकाश, न बोलावता, नाकाशी येऊन बसतो. यावर उपाय आहे. मास्कची वरची कड कपाळावर दाबून धरायची, मान किंचित वर करायची आणि नाकाने फुंकर घालायची, पाणी खालून निघून जातं. पुतणीने हे पहिल्याच फटक्यात केलं, आणि तिला तर मिशीही नाही. मी पाणी नाकावाटे पिऊन संपवायचा मार्ग पत्करला. समुद्र बराच आहे, हे उशिरा ध्यानात आलं. शिवाय काचेवर वाफ धरू नये म्हणून पाण्यात शिरण्याआधी मास्कमध्ये थुंकून ते काचेला चोळायचं असतं. सगळे निर्लज्जपणे थुंकत होते. आपल्यावर संस्कार आहेत, आपण थुंकायचं नाही. मला अख्खं प्रवाळ पहाटेच्या धुक्यात दिसलं.

नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण कोरड्या जमिनीवरची. पाण्यात नाक दाबून हलकेच फुंकलं की कान उघडतात. वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १७०४ साली कानावरच्या ग्रंथात ही युक्ती लिहून ठेवली, आणि तीही कानातला पू बाहेर काढण्यासाठी. त्याच्या डोक्यात सुट्टी नव्हती. पाण्यात पहिल्या मीटरपासूनच, दुखायच्या आधी, पुन्हापुन्हा हे करत जायचं असतं, आणि नाहीच जमलं तर थोडं वर येऊन परत. आपली पद्धत वेगळी. दुखू द्या, दात आवळा, अगदीच डोळ्यांपुढे काजवे चमकले की फुग्यात फुंकतात तशी सगळी ताकद लावा. कानाचा पडदा एकदाच मिळतो, पण दुसरा कान असतोच.

आणि आता अंगठा.

पाण्याखाली बोलता येत नाही. आपल्यासारख्यांच्या बाबतीत हा या खेळातला सर्वांत मोठा दोष आहे. तिथे हात बोलतात. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ‘ठीक’. तोच प्रश्न, तेच उत्तर. पंजा आडवा धरून हलवला तर ‘काहीतरी बिघडलंय’. आणि उभा अंगठा म्हणजे ‘वर चला, बास झालं’. त्यावर चर्चा नसते, कारण विचारत नाहीत. कुणीही दाखवला की डाइव्ह संपते. हे सगळं त्या एकोणीस फोटोंच्या वेळात सांगून झालं होतं.

तीन मीटरवर मला पहिला मासा दिसला, निळा-पिवळा, देखणा. मी आनंदाने अंगठा दाखवला. इन्स्ट्रक्टरने मान हलवली, माझं जॅकेट धरलं आणि मला वर नेलं. वर येऊन काळजीने विचारतो, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, झकास! परत खाली. पाच मीटरवर त्याने माझ्यासमोर वर्तुळ धरलं. मला वाटलं, शून्य गुण देतोय. आपण मोठं मन दाखवायचं म्हणून मी दोन्ही अंगठे दाखवले. परत वर. तिसऱ्या खेपेला नऊ मीटर गाठले, आणि तळाच्या वाळूवर गुडघे टेकल्यावर ऊर इतका भरून आला की काय दाखवलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. ज्याला लिहिता येत नाही, सहीच्या जागी अंगठा उठवतो, त्याला आपल्यात अंगठाबहाद्दर म्हणतात. मी त्याच अंगठ्यावर तीनदा समुद्र सोडला. चौथ्या खेपेला त्या पोराने माझा अंगठा आपल्या मुठीत धरला, जत्रेत पोराचं बोट धरतात तसा, आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

“काका, तुम्ही तिसऱ्यांदा वर गेलात ना, तेव्हा कासव आलं होतं,” पुतणी नंतर म्हणाली.

कासव नसलं तरी बघण्यासारखं पुष्कळ असतं, फक्त नुसतं बघत बसू नका. हात लावा. प्रवाळ दगडासारखं दिसतं म्हणून ते दगडच आहे असं धरून चाला, त्यावर उभे राहा, पायातल्या फिन्सनी, म्हणजे त्या रबरी वल्ह्यांनी, लाथाडा. त्यात चिमुकले जीव राहतात आणि मोठाल्या गोलसर प्रवाळांची वाढ वर्षाला काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर. म्हणजे तुमच्या एका लाथेत कुणाची तरी दहा-पंधरा वर्षं जातात. एवढ्या झटपट परिणाम देणारं काम ऑफिसात कधी मिळतं का? सनस्क्रीनही जाडच थापा. प्रशांत महासागरातल्या पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून प्रवाळाला बाधणाऱ्या काही रसायनांच्या सनस्क्रीनवर बंदी घातलीय. म्हणजे ते नक्कीच दमदार असणार.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, पण टायटन ट्रिगरफिश अंड्यांची राखण करत असला तर वैर तोच सुरू करतो. त्याच्या घरट्याची हद्द वर पसरत जाणाऱ्या नरसाळ्यासारखी असते. वर पळालं तर आपण त्याच्या हद्दीतच राहतो, सुटायला आडवं पोहत जावं लागतं. अंगठाबहाद्दरांनी काय करावं हे सांगायला नको. आणि घरी आल्यावर माशाचं माप सांगताना बिनधास्त सांगा. पाणी आणि मास्कमधली हवा यांच्यामुळे पाण्याखाली सगळं एक तृतीयांशाने मोठं दिसतंच. एरवी माशांच्या गोष्टी रंगवणाऱ्यांना भौतिकशास्त्राचा असा पाठिंबा मिळत नाही.

हवा लवकर संपते अशी तक्रार ऐकाल. नऊ मीटरवर प्रत्येक श्वासात वरच्या जवळजवळ दुप्पट हवा जाते, त्यात नवखा माणूस हातपाय झाडतो, म्हणून काटा भराभर उतरतो. संथ श्वास घेत, हात पोटाशी बांधून तरंगणाऱ्यांची टाकी पुरते. पुतणी वर आली तेव्हा तिच्या टाकीत अर्ध्याहून जास्त हवा शिल्लक होती. पैसे भरलेली हवा परत करणारी ही पिढी. मी सगळी वापरली.

होडीत इन्स्ट्रक्टरने विचारलं, विमान कधी आहे? मी ‘परवा’ म्हणायला आणि पुतणी ‘आज संध्याकाळी’ म्हणायला एकच गाठ पडली. आता शेवटच्या दिवसाचा खुलासा. दाबाखाली नायट्रोजन अंगात मुरतो आणि दाब झटकन उतरला की त्याचे बुडबुडे होतात. १६७० साली एका सापाच्या डोळ्यात असा बुडबुडा पाहिल्याची नोंद आहे, आणि ती करणारा पुन्हा बॉइलच, हा गृहस्थ पिच्छा सोडत नाही. किती सावकाश वर यायचं याची पद्धतशीर कोष्टकं हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९०८ साली छापली, ती बकऱ्यांना दाबाच्या कोठडीत ठेवून. बाहेर काढल्यावर पुढचा पाय दुमडून उभी राहिली की बकरीचे सांधे धरलेत असं समजायचं. विमानात दाब आणखी उतरतो, म्हणून एका साध्या डाइव्हनंतर निदान बारा तास आणि अनेक डाइव्ह केल्या तर अठरा तास उडू नये, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डायव्हिंगच्या सुरक्षिततेचं बघणारी संस्था सांगते. ही माहिती सावलीतल्या बाकावर फुकट मिळत होती. मला ती बदललेल्या तिकिटाच्या आणि हॉटेलातल्या आणखी एका रात्रीच्या भावाने पडली. त्या रात्री मी दोन्ही पाय सरळ ठेवून झोपलो, उगाच कुणाला बकरीचा संशय नको.

शेवटी, ज्यासाठी सगळं केलं तो फोटो. त्यासाठी मुद्दाम लालभडक टी-शर्ट घेतला होता. पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं, पाच-सहा मीटरवरच तो मातकट होतो. त्यामुळे फोटोत एक मातकट माणूस आहे, मास्कमध्ये मिशीच्या पातळीपर्यंत पाणी आहे, आणि मुठीत जाण्याच्या क्षणभर आधीचा अंगठा ताठ उभा आहे. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट जणांनी अंगठा दाखवला. मला पाण्यात पाहणारे नातेवाईक बरेच आहेत, पण पाण्यातून वर या असं इतक्यांनी एकदम सांगावं, याने भरून आलं.

पुतणीने मात्र अंगठा दिला नाही. तिने अंगठा-तर्जनीचं वर्तुळ पाठवलं. या खुणेला उत्तर द्यावंच लागतं, एवढं आता मला ठाऊक आहे. मी लगेच अंगठा पाठवला.