उदाहरणार्थ फू, उदाहरणार्थ बार

'पार्सडेट' नावाच्या फंक्शनखाली डॉक्युमेंटेशनमध्ये एकच ओळ असते: 'हे फंक्शन डेट पार्स करतं.' अरे देवा, एवढं तर नावावरूनच कळलं होतं! आधी दिवस द्यायचा की महिना? रिकामी स्ट्रिंग दिली तर 'नन' (म्हणजे 'काहीच नाही') मिळतं की एक्सेप्शन अंगावर येतं? त्यावर अळीमिळी गुपचिळी. खाली पॅरामीटरचा तक्ता: 'ऑप्शन्स – ऑप्शन्सचा ऑब्जेक्ट'. तेवढ्या सुतावरून आपण स्वर्ग गाठायचा.

उदाहरण असलंच तर त्यात फू आणि बार ही प्रोग्रामरांची ठरलेली पोकळ नावं हजर. हा फू कुठून आला, यावर 1 एप्रिल 2001 रोजी इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत आरएफसी 3092 नावाचा अख्खा दस्तऐवज निघाला. पण फूला आर्ग्युमेंट काय द्यायचं, हे सांगायला कोणाला सवड नाही. त्याहून वाईट म्हणजे कंसातली तीन टिंबं. 'क्लायंट(...)' असं लिहून लेखक मोकळा. माझं सगळं अडलंय त्या टिंबांपाशीच! कुठलं मॉड्यूल इम्पोर्ट करायचं तेही नाही. उदाहरणाला ना शेंडा ना बुडखा.

याच वैतागात मी आमच्या टीमच्या लायब्ररीत उदाहरणं लिहायचं काम अंगावर घेतलं. इम्पोर्टपासून आउटपुटपर्यंत सगळं द्यायचं, कॉपी-पेस्ट केलं की चाललंच पाहिजे, असा बाणा. जुनी उदाहरणं कोड बदलला तरी तशीच कुजत पडतात, म्हणून डॉकटेस्ट लावलं. पायथनमध्ये हे टूल 2.1 आवृत्तीपासून आहे. डॉकस्ट्रिंगमधलं, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या वर्णनातलं, उदाहरण ते खरंच चालवतं आणि आलेलं आउटपुट आपण लिहिलेल्याशी ताडून बघतं. ताडून म्हणजे अक्षराला अक्षर. स्ट्रिंगांचा सेट प्रिंट केला, तर त्याचा क्रम आज एक, उद्या दुसरा. टेस्ट सकाळी पास, दुपारी नापास. ऑब्जेक्ट प्रिंट केला तर शेवटी मेमरीतला पत्ता येतो आणि तो दर वेळी घर बदलतो. सेटला 'सॉर्टेड' गुंडाळून गप्प केलं. पत्त्यावर डॉकटेस्टचा अधिकृत उतारा काय, तर 'एलिप्सिस' हा पर्याय लावायचा आणि आउटपुटमध्ये तिथे घालायची... तीन टिंबं. घातली. निमूटपणे.

मग रिव्ह्यू. एक म्हणाला, "पान फार लांबलं, उदाहरणं कमी कर." दुसऱ्याने लिहिलं, "एरर हँडलिंगचंही एखादं येऊ दे." दोघांनीही एकमेकांच्या कॉमेंटला अंगठा दाखवून पसंती दिली होती. मी चक्क दोन्ही केलं: मोठी उदाहरणं वेगळ्या पानावर हलवली आणि फंक्शनखाली दोनच ठेवली, एक नीट चालणारं, एक रडणारं.

रिलीज झाल्यावर पहिली तक्रार आली. उदाहरणात एपीआय की, म्हणजे ज्याची त्याची गुप्त किल्ली, लागते तिथे मी 'तुमची-की-इथे-टाका' असं ठळक लिहिलं होतं. तक्रार अशी: "तुमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये दिलेली की एक्स्पायर झालेली दिसते. कृपया नवीन द्यावी."