ग्लोबल नव्हे, नॉनलोकल

'आतल्या फंक्शनमधून बाहेरच्या फंक्शनचं व्हेरिएबल बदलायचं तर ग्लोबल लिहा' हे पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवरच्या एका लेखातलं वाक्य चूक आहे. (फंक्शन म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, व्हेरिएबल म्हणजे किंमत ठेवायचं नाव.) लातूरला आमच्या क्लासची पोरं अडतीचा हिशोब लिहितात: बाहेरच्या फंक्शनमध्ये एकूण = ०, आतल्यात एकूण += पोती (म्हणजे एकूणात पोती मिळवा). चालवलं की अनबाउंडलोकलएरर (किंमत मिळण्याआधीच नाव वापरल्याची चूक), कारण फंक्शनमध्ये कुठंही नावाला किंमत दिली की पायथन ते नाव त्याच फंक्शनचं धरतं. इथं ग्लोबल लिहिलं तर बाहेरचं फंक्शन ओलांडून थेट मॉड्यूलमध्ये (म्हणजे सगळ्या फंक्शनांबाहेर, फाइलच्या पातळीवर) शोध. तिथं एकूण नसेल तर नेमएरर ('असं नावच नाही' ही चूक), असेल तर भलत्याच खात्यात पोती जमा! (हे जास्त वाईट, एररच येत नाही.)

नॉनलोकल २००८ च्या पायथन ३.० पासून बाहेरच्या फंक्शनचं व्हेरिएबल बदलण्यासाठीच आहे. यादीत नुसतं अपेंड करायचं (शेवटी भर घालायची) असेल तर तेही नको, तिथं नावाला नवी किंमत दिलेलीच नसते.