जीन्स अडीच तासांत वाळली

काल लेकाची जीन्स अडीच तासांत वाळली. हसू नका, पूर्ण वाचा.

जून ते सप्टेंबर आमच्या घरात जीन्स धुवायची की नाही, हे सगळ्यांना विचारून ठरतं. धुतली की पहिले दोन दिवस ती बाल्कनीत लोंबते, तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये खुर्चीच्या पाठीवर पंख्याखाली येते आणि चौथ्या दिवशी खिशांवरून इस्त्री फिरवून, नाक मुरडत कोणीतरी ती घालतं. तो कुबट वास पुण्यात पावसाळा काढलेल्या कुणालाही समजावून सांगायला नको. काल सकाळी साडेनऊला गच्चीतल्या दोरीवर टाकली आणि बाराला काढायला गेले तर कडक पापड! कमरेच्या पट्ट्याची ती जाड शिवण असते ना, जिथे ओल शेवटपर्यंत दबा धरून बसते, तिथे अंगठ्याने दाबून बघितलं. कोरडी ठाक. तशीच गरम गरम जीन्स गालाला लावून मी क्षणभर उभी राहिले. शेजारच्या काकूंनी ते पाहिलं. असो.

खाली आले तर मोबाइलवर ताईचा फोटो. ताई टोरांटोला असते. लालभडक मेपल, खाली पानांचा सडा, त्यात ती आणि जावई मफलर गुंडाळून उभे. फोटो सुंदरच होता, खोटं कशाला बोलू. पण खाली लिहिलं होतं, ‘तुमच्याकडे कसला आलाय फॉल! तुमचं आपलं ऑक्टोबर हीट.’

तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय, म्हणून ही पोस्ट.

प्राथमिक शाळेत आपण सहा ऋतू घोकले होते. आश्विन-कार्तिक शरद, हे परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं आणि मोठे झाल्यावर हिशेब तीनावर आणला: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. मधला जो तुकडा उरला त्याला ‘ऑक्टोबर हीट’ म्हणून मोकळे झालो. एका अख्ख्या ऋतूचं नाव आपण तक्रार म्हणून ठेवलंय, आणि तेही इंग्रजीत. आणि गंमत बघा, वाढदिवसाला आपण ‘जीवेत् शरदः शतम्’ म्हणतो. शंभर वसंत जग असा आशीर्वाद कुणी देत नाही. मराठी माणूस तर वय पावसाळ्यांत मोजतो. ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ हे आमच्या आईंचं (म्हणजे सासूबाईंचं) लाडकं वाक्य. मला वाटतं दोन्ही हिशेब एकच आहेत. पावसाळा निभावला आणि पुढचा शरद दिसला, म्हणजे वर्ष पदरात पडलं.

आता उकाडा खरा आहे, ते मी नाकारत नाही. ढग जातात, ऊन थेट येतं, जमीन मात्र अजून ओलीच असते, त्यामुळे हवेत दमटपणा राहतो आणि वाराही पडलेला असतो. मुंबईत तर जुलै-ऑगस्टपेक्षा ऑक्टोबरच्या दुपारी जास्त तापतं. पण हीच दुपार सरू द्या. पुण्यात संध्याकाळी सातनंतर बाल्कनीत बसून बघा. पहाटे चार-साडेचारला पंखा एक नंबरने कमी करायला कुणीतरी उठतंच. आमच्याकडे हा (म्हणजे नवरा) उठतो. पंखा कमी करतो, चादर ओढतो, आणि सकाळी ‘काय उकडतंय हो’ म्हणत पेपर उघडतो.

आपल्याकडे पानं आत्ता गळत नाहीत, ती फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात, कोरडेपणाने. त्यामुळे मेपलसारखा फोटो आपल्याला मिळणार नाही. आपला शरद नाकाने, जिभेने आणि तळव्यांनी ओळखायचा असतो, आणि त्यासाठी थोडं खाली वाकावं लागतं. प्राजक्ताचंच घ्या. संध्याकाळी उमलतो आणि उजाडायच्या आत जमिनीवर. खाली पडलेलं फूल देवाला चालत नाही, हा नियम एरवी किती कडक, पण प्राजक्तासाठी तो मोडलाय. आमच्या आई 78 वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, तरी सहाला खाली जाऊन परडीभर वेचून आणतात. मी एकदा म्हटलं, अहो, मी आणते. तर म्हणाल्या, ‘तू फुलं आणशील गं, माझं वेचणं राहील त्याचं काय?’

आईंचं माहेर गुहागरकडचं. त्यांच्याकडे नव्याच्या पौर्णिमेला दाराला नवं बांधतात. भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, झेंडू आणि कुरडूचं ते गुलाबी-पांढरं तुऱ्यासारखं फूल, सगळं एकत्र बांधून चौकटीला. पुण्यात लोंब्या मंडईत विकत मिळतात, कुरडू मात्र मी टेकडीवरून आणते. पहिल्या वर्षी मला ते तण वाटलं होतं. रानात ते तणच असतं म्हणा, पण दाराला लावलं की मान मिळतो.

मी सांगलीकडची, त्यामुळे आमचा भोंडला नाही, हादगा. विदर्भ-खानदेशातल्या मैत्रिणींची भुलाबाई. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्ती काढायचा आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. आमच्या शाळेत खडू संपायला आला की हत्तीची सोंड आखूड व्हायची. खिरापत ओळखायची वेळ आली की मी कायम ‘भेळ’ म्हणायचे, आणि एका वर्षी खरंच भेळ निघाली. वाडग्यातला कांदा आधीच नाकात गेला होता, हे आज कबूल करते.

खाण्यावर आलेच आहे तर थोडं थांबते. ओल्या शेंगा! भुईमुगाच्या नुकत्याच उपटलेल्या, माती लागलेल्या शेंगा चार पाण्यांतून धुवायच्या आणि मीठ घालून कुकरला लावायच्या. झाकण उघडल्यावर जो मातकट वास येतो, त्यासाठी मी नातेवाइकांशी संबंध टिकवून आहे. दुसरं सीताफळ. सासवडच्या रस्त्याला पाट्या घेऊन बायका बसतात. तिथल्या एका मावशींनी मला शिकवलं: फळ दाबून बघायचं नाही, डोळे बघायचे. डोळे मोठे झाले आणि दोन डोळ्यांमधली रेघ पांढरट-पिवळी दिसायला लागली की फळ पिकायच्या लायकीचं झालं. मग घरी आणून तांदळाच्या डब्यात. तिसऱ्या दिवशी डब्यात हात घातला आणि बोट किंचित आत गेलं की त्याच क्षणी, उभ्याउभ्या, ओट्यापाशी खाऊन टाकायचं. सीताफळ वाटून खाता येत नाही. रबडीवाल्यांनी मला माफ करावं, पण बिया थुंकत खाण्यात जे आहे ते वाटीत नाही.

गच्चीवरचे चतुर पाहिलेत का? काल जीन्सच्या दोरीवर चार बसले होते, पिवळसर, सगळे एकाच दिशेला तोंड करून. लहानपणी आम्ही त्यांना हेलिकॉप्टर म्हणायचो, आणि शेपटीला दोरा बांधायचं पापही केलंय. यातली एक जात या दिवसांत भारतातून निघून मालदीववरून थेट पूर्व आफ्रिकेला जाते. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन नावाच्या जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की ऑक्टोबर आला की तिथे झुंडीच्या झुंडी उतरतात, आणि बेटांवर तर त्यांना अंडी घालायला गोडं पाणीही फारसं नाही. मग हे येतात कुठून? 2009 साली त्याने आपलं म्हणणं मांडलं: भारतातून, वाऱ्यावर स्वार होऊन, समुद्र ओलांडून. एक ग्रॅमही वजन नसलेला जीव! माझ्या दोरीवरचे चार तिकडे निघालेत की कोथरूडलाच मुक्कामी आहेत, कोण जाणे. मी त्यांना हाकललं नाही, बाजूच्या दोरीवर टॉवेल टाकला.

आणि आता मूळ भांडण. आमच्या सोसायटीच्या गेटजवळ सप्तपर्णीचं झाड आहे, तीन मजली उंच. गेल्या आठवड्यापासून ते फुललंय, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर संध्याकाळी साडेसातला युद्ध पेटतं. डोकं दुखतं. मळमळतं. कोणी लावलं हे झाड? तोडून टाका. ज्यांना खरंच त्रास होतो, दमा आहे, त्यांच्याशी माझं भांडण नाही. खिडकीखालच्या दोन फांद्या रीतसर परवानगी काढून छाटा, मी स्वतः सही देते. पण अख्खं झाड? शहरातलं झाड तोडायचं तर 1975 च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे मी ग्रुपवर टाकलं, तर उत्तर म्हणून अंगठा आला. खाली की वर, हे महत्त्वाचं नाही.

तो वास गोड आहे, जड आहे, थोडा अंगावर येणारा आहे. संस्कृत कवींनी त्याची तुलना हत्तीच्या मदाशी केली होती, म्हणजे वास उग्र आहे हे त्यांनाही ठाऊक होतं, तरी शरद म्हटलं की सप्तपर्णी आणलीच. या झाडाच्या लाकडाच्या पूर्वी शाळेच्या पाट्या करत, म्हणून शास्त्रीय नावातही ‘स्कॉलरिस’ आहे. फुलं फार तर तीन-चार आठवडे. त्यानंतर वर्षभर ते झाड कुणाच्या अध्यात ना मध्यात. गाड्या मात्र सगळे त्याच्याच सावलीत लावतात.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे गेले तर ती माझी लबाडी ठरेल. हे सगळं सुख शहरातल्या दोरीवरचं आहे. माझ्या मामांचं शेत सीनेच्या काठी, माढ्याकडे. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला जो पूर आला, त्यात त्यांचं उभं पीक गेलं आणि बांधाकडची मातीही वाहून गेली. परतीचा पाऊस हा शब्द मी कौतुकाने वापरायचे, तेव्हापासून जपून वापरते. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती’ हे मामाच म्हणायचे. परवा फोनवर शरदाचं काही बोलणार होते, पण त्यांनी आधीच विचारलं, ‘तिकडं आभाळ कसंय?’ मी म्हटलं, स्वच्छ. ते म्हणाले, ‘असंच राहू दे बाई, सोयाबीन काढून टाकलंय.’ आभाळ कोरं असण्याचं सुख त्यांनाही आहे, फक्त त्यात जीव टांगलेला आहे.

मुंबईतून मॉन्सून परतायची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर, असं हवामान खातं सांगतं. म्हणजे अजून खात्री नाही. तरीही आज रविवार बघून मी चारही गाद्या, सहा उशा आणि कपाटातल्या शाली गच्चीवर नेऊन टाकल्या. हा म्हणाला, हस्ताचा भरवसा धरू नकोस. चपलांच्या कपाटाचं दार उघडं ठेवलंय, आतल्या माझ्या लग्नाच्या सँडलवर पांढरी बुरशी आली होती, ती पुसली. मिठाची बरणी रिकामी करून उन्हात ठेवली. छत्र्या मात्र अजून माळ्यावर टाकल्या नाहीत, इतकी अक्कल आहे.

ताईला उत्तर म्हणून सीताफळाचा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. पाच मिनिटं मेपलचं काही बोलली नाही. ‘तांदळात ठेवलंयस ना गं?’ एवढंच विचारत होती.

अजून कोजागरीच्या दुधाबद्दल लिहायचं होतं, पण आत्ता सिंहगडाच्या बाजूला गडगडलं. गाद्या वर आहेत. हा घोरतोय. पळते.