एक चाक, तेही स्टेपनी

अपडेट केलं, मशीन रीबूट केलं आणि ४ टीबीच्या दोन डिस्कांची नीट नांदणारी रेड-१, म्हणजे दोन्हींवर एकच मजकूर ठेवणारी जोडी (ॲरे), विस्कटली. लिनक्सच्या रेड-व्यवस्थेत, म्हणजे एमडीत, तिचं नाव काल एमडी० होतं, आज एमडी१२७. हे १२७ दिसलं की समजावं: बूट होताना आपली एमडीएडीएमची (ॲरे जुळवणाऱ्या आज्ञेची) कॉन्फिग कोणी वाचलेली नाही, बारशाला मिळेल ते नाव ठेवलंय. ॲरेची अवस्था दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये एवढीच ओळ होती: 'एमडी१२७ : इनॅक्टिव्ह एसडीबी२[१](एस)'. दुसऱ्या डिस्कवरचं पार्टिशन, एसडीए२, गायब.

नेमके तेव्हाच सोसायटीचे सेक्रेटरी काका आले. त्यांना गेल्या वार्षिक सभेचं इतिवृत्त हवं होतं, पार्किंगच्या भांडणासाठी, आत्ताच्या आत्ता. खुर्ची ओढून ते माझ्या खांद्यावरून वाचू लागले.

"कंसातलं एस म्हणजे काय रे?"

"स्पेअर, काका."

"म्हणजे स्टेपनी. चाकं किती?"

"दोन."

"त्यातली एक स्टेपनी. दुसरं चाक कुठाय?"

"एलव्हीएमने नेलं."

"हा कुठल्या विंगचा?"

मी हसलो नाही. निदान हसायला नको होतं. ॲरे इनॅक्टिव्ह असला की सापडलेल्या प्रत्येक डिस्कपुढे एस लागतो, ती खरी स्पेअर नसते, हे सांगायला गेलो तर काका म्हणाले, "म्हणजे मशीन खोटं बोलतं." यावर काय बोलणार?

पण विंगचा प्रश्न बरोबर होता. एलव्हीएम, म्हणजे डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटून देणारी व्यवस्था, दुसऱ्याच्या जागेत गाडी लावून बसला होता. बूटलोडरला साधं पार्टिशन दिसावं म्हणून हा ॲरे मेटाडेटा १.० ने बनवलेला, म्हणजे सुपरब्लॉक (ॲरेचं ओळखपत्र) पार्टिशनच्या शेवटी. एलव्हीएमचं लेबल मात्र सुरुवातीलाच, दुसऱ्या सेक्टरमध्ये. एमडीला उशीर झाला, एलव्हीएमने एसडीए२ चं तोंड पाहिलं, लेबल ओळखीचं वाटलं, बसला. शेपटाकडे बघायचे कष्ट घेतले नाहीत. मग एसडीए२ जोडायला जावं तर एमडीएडीएमचं एकच पालुपद: 'डिव्हाइस बिझी'.

"आठ दिवसांची नोटीस द्या," काका म्हणाले. "नाहीतर मोडून नवीन करा."

हा 'नवीन करा'वाला सल्ला देणारे फक्त काका नाहीत, हे दुःख आहे. 'क्रिएट' मारलं की आपोआप १.२ चा सुपरब्लॉक लिहिला जातो, तो सुरुवातीपासून ४ केबीवर. एलव्हीएमचा मेटाडेटाही बरोबर तिथूनच सुरू होतो. इतिवृत्ताला राम राम.

नोटिशीऐवजी मी व्हॉल्यूम अनमाउंट केला, 'व्हीजीचेंज -एएन' देऊन एलव्हीएमला डिस्क सोडायला लावली आणि एमडी१२७ थांबवला. दोन्ही भागांवर 'एक्झामिन' चालवलं तर इव्हेंट आकडा (एमडीने केलेले बदल मोजणारा) सारखाच, दोघंही 'क्लीन'. काका खूश. इथेच माणूस फसतो. एलव्हीएमने एमडीला वळसा घालून थेट एसडीए२ वर लिहिलेलं, त्यामुळे आकडा हलायचा प्रश्नच नव्हता. दोन्ही जोडून सुरू केलं असतं तर वाचताना कधी ताजी प्रत, कधी शिळी. म्हणून एसडीए२ एकटीच 'रन' देऊन उभी केली, एसडीबी२ चा सुपरब्लॉक 'झीरो-सुपरब्लॉक'ने पुसला आणि मगच ती 'ॲड' केली. ४ टीबीची पूर्ण नक्कल, सेकंदाला १५० एमबी धरले तर साडेसात तास.

"साडेसात तास? पंक्चर काढायला?"

तेवढ्यात एलव्हीएमच्या कॉन्फिगमध्ये ग्लोबल फिल्टर टाकला: एमडी चालेल, एसडी नाही. 'एमडी कंपोनंट चेक्स'ला 'फुल' दिलं, म्हणजे तो यापुढे शेपूटही पाहील. 'डिटेल स्कॅन'ने दिलेली ॲरेची ओळख सांगणारी ओळ एमडीएडीएमच्या कॉन्फिगमध्ये घातली आणि सगळ्यात शेवटी इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइलसिस्टीम, नव्याने बनवलं. हा क्रम चुकला तर बूटच्या वेळी जुन्याच कॉन्फिगा वाचल्या जातात आणि पुन्हा १२७. यातलं एकही काम अपडेटने स्वतःहून केलं नव्हतं, इशाऱ्याची एक ओळही नाही. मात्र नवा वॉलपेपर न विसरता दिला होता.

नक्कल चालू असतानाही व्हॉल्यूम वापरता येतो. त्यामुळे फाइल लगेच उघडली. काकांनी ती वाचली, मान डोलावली आणि खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला.

"तेच आहे. माझ्याकडे झेरॉक्स होती. फक्त ताडून बघायचं होतं."