जीएफएपी चाचणी आणि ब्रेन हॅमरेज: एक खुलासा

‘ब्रेन हॅमरेजनंतर रक्तातलं जीएफएपी प्रोटीन जास्त निघालं तर पेशंट सुधारत नाही, आयसीयूवर खर्च करू नका,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे आणि एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो.

मेंदूतल्या आधारपेशींना इजा झाली की हे प्रोटीन रक्तात उतरतं, एवढं खरं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि चाचण्यांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या प्रोटीनांच्या चाचणीला परवानगी दिली, पण ती डोक्याला सौम्य मार लागलेल्या प्रौढांना सीटी स्कॅनची गरज आहे का, हे ठरवायला मदत म्हणून. पेशंट बरा होईल का, हे सांगण्यासाठी नव्हे. अभ्यासांत जास्त पातळी आणि वाईट परिणाम यांचा संबंध दिसतो, पण तो अनेक रुग्णांच्या सरासरीत. समोरच्या एका माणसाचा निकाल त्यावरून लागत नाही.

डॉक्टर अंदाज बांधतात तो वय, शुद्धीची पातळी, रक्तस्राव किती आणि कुठे, मेंदूच्या पोकळ्यांत रक्त गेलंय का, यांवरून. तोही सुरुवातीला कच्चाच. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात: रुग्णाने आधी तशी इच्छा नोंदवलेली नसेल, तर दाखल झाल्यापासून किमान दुसरा पूर्ण दिवस होईपर्यंत उपचार थांबवण्याचा निर्णय लांबवावा.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला असेल, तिथे हा खुलासा टाका.