‘माउस धरायला शिका’ या वाक्याला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ड्रम मशीन (ठेका वाजवणारे यंत्र) आणि संगणकातले सॉफ्टवेअर जोडीने वापरण्यावरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपले म्हणणे असे, की रोलँडचे टीआर-८०८ हे मशीन १९८२चे नसून १९८०चे आहे, मशीन आणि सॉफ्टवेअर यांच्यातले वेळेचे अंतर सेटिंगमध्ये ठरावीक मिलिसेकंद टाकून मिटवता येते, आणि ‘खेड्यात बसून यंत्रांचे शौक करण्याआधी माउस धरायला शिका.’

सालाची चूक माझीच होती, ती दुरुस्त केली आहे. मात्र ८०८ मध्ये मिडी (वाद्ये आणि संगणक एकमेकांना जोडणारी संकेतपद्धती) नव्हते आणि रोलँडच्याच १९८३च्या टीआर-९०९ मध्ये ते आले, हा लेखातला खरा मुद्दा त्या चुकीमुळे बदलत नाही.

शेवटच्या वाक्याने मात्र मन दुखावले. माझे गाव गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाजवळ आहे. धान कापून झाले की आमच्याकडे झाडीपट्टीची नाटके सुरू होतात, आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, गावी रात्रभर चालणाऱ्या त्या प्रयोगांत मी बारा हंगाम ऑक्टापॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य वाजवले आहे. गाणारा नट एखाद्या ओळीवर थांबला, ऑर्गनवाल्याने त्याच्यासाठी सूर धरून ठेवला, तर ठेका किती रेंगाळू द्यायचा हे त्या क्षणी हातालाच ठरवावे लागते. असा ठेका संगणकाच्या पडद्यावरच्या चौकटी भरून मला कधीच साधला नाही, आणि तो प्रयत्न मी एक-दोन दिवस नव्हे, तीन वर्षे केला. भारनियमनामुळे वीज मध्यरात्री येई, तेव्हा उठून जुन्या संगणकावर एकेक ठोका माउसने पुढे-मागे सरकवत मी बसलेलो आहे. तेव्हा माउस कसा धरतात हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही, आणि गाव काढून शिकवण्याची तर मुळीच नाही. मशीनच्या पॅडवर बोट पडले आणि तोच ठेका पहिल्या दिवशी उमटला. आपण ज्याला शौक म्हणता, तो माझ्या हाताचा सराव आहे.

राहिला सेटिंगचा मुद्दा. कायमचे अंतर त्याने भरून निघते, पण मिडी क्लॉक, म्हणजे लय जुळवणारा मिडीचा संकेत, प्रत्येक मात्रेला २४ स्पंद पाठवतो, म्हणजे १२०च्या लयीत सुमारे २१ मिलिसेकंदांना एक, आणि संगणक दुसऱ्या कामात अडकला की ते स्पंद कधी लवकर, कधी उशिरा पोहोचतात. बदलत राहणाऱ्या अंतराला एकच आकडा पुरत नाही. त्यापलीकडे या मुद्द्यात शिरण्याची मला आवश्यकता वाटत नाही.

लेखासोबतचा ढोलकीच्या अंगाचा ठेका मी मशीन तिच्या स्वतःच्या लयीवर चालवून, बोटांनी एका दमात वाजवला, आणि फक्त पहिली मात्रा सॉफ्टवेअरमध्ये जुळवून घेतली. तो आपण ऐकल्याचा उल्लेख प्रतिक्रियेत कुठेही नाही. कृपया तो ऐकावा आणि मग लिहावे.