सोशिऑलॉजी घेतली तर पोलीस कसा होणार?

बारावीचा निकाल लागला की आमच्या डिचोलीकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘सोशिऑलॉजी म्हणजे वर्षं फुकट. क्रिमिनॉलॉजी घ्या, थेट पोलिसात जा. गोव्यात यातलं काही नाही, मुलांना बाहेर पाठवा.’ सोशिऑलॉजी म्हणजे समाजशास्त्र, क्रिमिनॉलॉजी म्हणजे गुन्हेगारीचा अभ्यास.

आधी ‘थेट पोलिसात’चं बघू. उपनिरीक्षकाला पदवी लागते, पण अमुकच विषयाची नाही. आयपीएसचंही तेच. उलट यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे, दोन पेपर मिळून 500 गुणांचा. क्रिमिनॉलॉजी त्या यादीतच नाही!

लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा मालिकांमधली प्रयोगशाळा असावी. ते न्यायवैद्यक विज्ञान, म्हणजे फॉरेन्सिक सायन्स, त्याला विज्ञान शाखा लागते. आणि त्यासाठीही ‘बाहेर’ जायची गरज नाही, राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं संकुल आपल्या फोंड्यात आहे. समाजशास्त्राचा विभाग ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात.

राहिलं ‘वर्षं फुकट’. क्रिमिनॉलॉजी वाढली ती बरीचशी समाजशास्त्राच्याच अंगणात. कोट-टायवाल्यांच्या गुन्ह्यांना ‘व्हाइट कॉलर क्राइम’ हे नाव 1939 मध्ये एडविन सदरलँडने दिलं, तो समाजशास्त्रज्ञ. प्रतिष्ठित माणूस धंदा करता करता कायदा मोडतो आणि तरी त्याला कुणी गुन्हेगार म्हणत नाही, हे त्याचं म्हणणं. खाणपट्ट्यात वाढलेल्या पोराला ते वेगळं शिकवावं लागत नाही. बेकायदा खाणकामावरचा शहा आयोगाचा अहवाल आला आणि 2012 मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रकमालकापासून चहाच्या गाड्यापर्यंत कुणाचं काय झालं, हे घराघरात माहीत आहे. प्रकल्पाला विषय दारात उभा आहे.

कामाचंच विचाराल तर बालन्याय कायदा, 2015 वाचा. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं बघणाऱ्या बालन्याय मंडळावर दंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजकार्यकर्ते असतात. त्यांच्या पात्रतेत मुलांसाठीच्या सात वर्षांच्या कामाला पर्याय म्हणून ज्या पदव्या धरल्या आहेत, त्यांत कायद्याबरोबर समाजशास्त्रही आहे, अर्थात त्या क्षेत्रात व्यवसाय करत असाल तर.

एक मात्र कबूल. गाइड पाठ करून मिळवलेल्या बी.ए.ला कुणी विचारत नाही. म्हणून प्रवेश घेतानाच कॉलेजात विचारा: मायनर, म्हणजे दुय्यम विषय म्हणून मानसशास्त्र किंवा संख्याशास्त्र मिळेल का, इंटर्नशिप कुठे लावता, पदवीचं ऐच्छिक चौथं वर्ष इथेच करता येईल का. त्या वर्षी संशोधन करायचं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात, तेव्हा हिशेब पहिल्या सत्रापासून ठेवा. क्रिमिनॉलॉजी एम.ए.ला घेता येते.